विश्लेषण : मित्राला पकडून द्यायचे, की नरकात जायचे? मार्क ट्वेन यांना ‘हक फिन’चा पेच कुठे सापडला?

कायदा, चर्च आणि अख्खे गाव एका बाजूला, आणि एक मित्र दुसऱ्या बाजूला. मधे १३-१४ वर्षांचा एक मुलगा. अशा पेचात सापडलेल्या किशोरांच्या कथा आज जगभर लिहिल्या जातात, शाळांत शिकवल्याही जातात. या कथांचा विषय निघाला की दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाचे नाव हमखास येते : ‘अॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’. विनोदी लेखक म्हणून जग ज्यांना ओळखत होते, त्या मार्क ट्वेन यांनी ही कादंबरी का लिहिली, तिच्यातले प्रसंग त्यांच्या आयुष्यात कुठे होते आणि हे पुस्तक आजही वादात का आहे, याचा हा आढावा.

हक फिनपुढचा पेच काय आहे?

कादंबरीचा काळ अमेरिकी यादवीच्या आधीचा, साधारण १८४० च्या आसपासचा. मिसुरी राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती. दारुड्या बापाच्या मारातून सुटण्यासाठी हक घरातून पळतो. त्याच सुमारास मिस वॉटसन यांचा गुलाम जिमही पळालेला असतो, कारण आपल्याला ८०० डॉलरला दक्षिणेत न्यू ऑर्लीन्सकडे विकण्याचा विचार चालला आहे, हे त्याने ऐकलेले असते. दोघे एका तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून निघतात. ओहायो नदीच्या संगमावरील कैरो गावापर्यंत जायचे आणि तिथून बोटीने गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे वळायचे, हा बेत. धुक्यात संगम मागे पडतो आणि तराफा गुलामगिरीच्या प्रदेशात आणखी खोल जात राहतो.

हकला लहानपणापासून शिकवलेले असते, की गुलाम ही मालकाची मालमत्ता; त्याला पळायला मदत करणे म्हणजे चोरी, आणि चोरी करणारा नरकात जातो. मिस वॉटसन यांनी आपले काही वाईट केलेले नाही, तरी आपण त्यांची मालमत्ता पळवतो आहोत, ही बोच त्याला खरोखर लागलेली असते. बंदूकधारी माणसे पळालेले गुलाम शोधत येतात, तेव्हा जिमचे नाव सांगायच्या इराद्याने निघालेला हक ऐन वेळी थाप मारतो आणि तराफ्यावर देवीची साथ असल्याचा त्यांचा समज करून देतो. पुढे जिम पकडला जातो. हक मिस वॉटसन यांना पत्र लिहून त्याचा ठावठिकाणा कळवतो आणि क्षणभर त्याला पापमुक्त झाल्यासारखे वाटते. मग जिमने रात्री-रात्री आपल्या वाटणीचाही पहारा कसा केला, ते आठवते. हक ते पत्र फाडतो.

पत्र फाडताना आपण बरोबर वागतो आहोत, असे हकला वाटत नाही. आपण पाप करतो आहोत आणि नरकात जाणार आहोत, याची त्याला खात्री असते. समाजच चुकीचा आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ते फक्त वाचकाला कळते.

ट्वेन यांचे गाव कसे होते?

ट्वेन यांचे खरे नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिसुरीतील फ्लोरिडा या खेड्यात. ते चार वर्षांचे असताना कुटुंब मिसिसिपीच्या काठी हॅनिबल गावी आले. नदीच्या पलीकडे इलिनॉय, म्हणजे गुलामगिरी नसलेले राज्य. पळून जाणाऱ्यासाठी स्वातंत्र्य एका नदीच्या अंतरावर होते. पण पलीकडेही पाठलाग होई आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस मिळे.

वडील जॉन मार्शल क्लेमेन्स शिस्तीचे, गावात मान असलेले गृहस्थ. त्यांच्याकडेही गुलाम होते आणि पैशांची तंगी आल्यावर त्यांनी गुलाम विकलेही. १८४१ मध्ये गुलामांना पळवून नेण्याचा प्रयत्न करणाऱ्या तिघांना १२ वर्षांची शिक्षा झाली, त्या खटल्याच्या ज्युरीत ते होते. गुलामगिरी देवाला मान्य आहे, असे चर्चमध्ये सांगितले जाई. तिच्याविरुद्ध बोलणारे कोणी लहानपणी भेटलेच नाही, असे ट्वेन यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले.

त्याच आत्मचरित्रात सँडी नावाच्या मुलाची आठवण आहे. मेरीलँडमधून आणलेला हा लहान गुलाम मुलगा दिवसभर गात असे. वैतागलेल्या सॅमने आईकडे तक्रार केली. तेव्हा आईने समजावले, की तो गातो म्हणजे त्याला आठवण येत नाही. तो गप्प बसला तर काळजी वाटते, कारण त्याची आई त्याला पुन्हा कधी भेटणार नाही. या आईनेही गुलामगिरीला कधी विरोध केला नव्हता. उन्हाळ्यात मावशीच्या शेतावर मात्र सॅम आणि इतर मुले डॅनियल या प्रौढ गुलामाभोवती जमून गोष्टी ऐकत. जिमचे पात्र या अंकल डॅनियलवरून घडले.

खरा हक कोण?

हॅनिबलच्या एका दारुड्याचा मुलगा टॉम ब्लँकनशिप हा हकचा मूळ नमुना. शाळा नाही, चर्च नाही, कोणाचा धाक नाही. सभ्य घरांतील मुलांना त्याच्याशी खेळायला बंदी, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. कादंबरीचा गाभा मात्र टॉमच्या मोठ्या भावाकडून, बेन्सनकडून आला.

१८४७ मध्ये बेन्सनला नदीपलीकडच्या बेटावर लपलेला एक पळालेला गुलाम सापडला. त्याच्यावर ५० डॉलरचे बक्षीस होते. ब्लँकनशिप कुटुंबाच्या दारिद्र्यात ही मोठी रक्कम होती. बेन्सनने तो पकडून दिला नाही. उलट काही आठवडे तो त्याला गुपचूप अन्न पोहोचवत राहिला. अखेर पाठलाग करणाऱ्यांना सुगावा लागला आणि पळताना तो माणूस पाण्यात बुडाला. काही दिवसांनी सॅम आणि त्याचे मित्र तिथे गेले असताना त्याचा मृतदेह त्यांच्यासमोरच पाण्यावर आला. सॅम तेव्हा ११ वर्षांचा होता आणि त्याच वर्षी त्याचे वडील वारले होते.

ट्वेन स्वतः कधी बदलले?

हा बदल एका दिवसात झाला नाही. वडील गेल्यावर सॅम छापखान्यात उमेदवारी करू लागला. १७ व्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांबद्दल त्याने घरी लिहिलेली पत्रे तुच्छतेने भरलेली होती. १८५९ मध्ये त्याला मिसिसिपीवरील आगबोटीच्या पायलटचा परवाना मिळाला. पुढे टोपणनावही याच पेशातून आले : मार्क ट्वेन म्हणजे दोन वाव, अर्थात १२ फूट पाणी, बोटीला सुरक्षित खोली. १८६१ मध्ये यादवी सुरू झाली तेव्हा दक्षिणेच्या बाजूच्या एका हौशी तुकडीत ते सुमारे दोन आठवडे होते. मग ती सोडून थोरल्या भावासोबत नेवाडाला गेले आणि तिथे पत्रकार झाले.

खरे वळण १८७० मध्ये ऑलिव्हिया लँगडन यांच्याशी झालेल्या विवाहाने आले. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथील हे श्रीमंत कुटुंब गुलामगिरीविरोधी होते. ऑलिव्हिया यांच्या वडिलांनी पळालेल्या गुलामांना मदत केली होती. स्वतः गुलामीतून पळून पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस त्यांच्या परिचयाचे होते.

एल्मायराजवळच्या क्वारी फार्मवर मेरी अॅन कॉर्ड या स्वयंपाक करीत. त्या नेहमी हसतमुख असत, म्हणून ट्वेन यांनी एका संध्याकाळी सहज विचारले, की इतक्या वर्षांत त्यांना कधी दुःख झालेच नाही का? मेरी अॅन यांनी उत्तरादाखल आपली कहाणी सांगितली. लिलावात पती आणि सातही मुले त्यांच्यापासून तोडून विकली गेली होती. धाकटा हेन्री मात्र यादवीच्या काळात सैनिक म्हणून पुन्हा समोर उभा राहिला. ट्वेन यांनी ही कहाणी मेरी अॅन यांच्याच बोलीत लिहिली आणि १८७४ मध्ये ती ‘अटलांटिक मंथली’त छापून आली. या लेखनात विनोद नव्हता. दोन वर्षांनी त्याच शेतावर ‘हक फिन’ सुरू झाले.

पुस्तकाला सात वर्षे का लागली?

‘टॉम सॉयर’ १८७६ मध्ये आले. त्याच उन्हाळ्यात त्याचा पुढचा भाग म्हणून ‘हक फिन’ हाती घेतले गेले, पण लेखन मधेच अडकले. पुन्हा थोडे पुढे सरकले, पुन्हा थांबले. १८८२ मध्ये ट्वेन मिसिसिपीवरून फिरून आले आणि १८८३ च्या उन्हाळ्यात त्यांनी कादंबरी पूर्ण केली.

मधल्या काळात देशही बदलला होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्रीय सैन्याचे संरक्षण निघाले आणि कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून काढून घेतले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या काळाची ही गोष्ट त्या दिवसांतील वाचकाच्या फार जवळची होती. कादंबरी डिसेंबर १८८४ मध्ये ब्रिटन आणि कॅनडात, तर फेब्रुवारी १८८५ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाली.

त्याच १८८५ मध्ये ट्वेन यांनी येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या वॉर्नर मॅग्विन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा खर्च उचलला. गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाची ही परतफेड आहे, अशी त्यांची भूमिका होती. मॅग्विन पुढे बाल्टिमोरमधील नामवंत वकील झाले. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांना सुरुवातीच्या काळात त्यांचे मार्गदर्शन लाभले.

पुस्तकावर बंदी का आली?

मार्च १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हे पुस्तक बाद केले. कारण वंशाचे नव्हते. भाषा गावंढळ, नायक खोटे बोलणारा आणि चोऱ्या करणारा, मुलांवर काय संस्कार होणार, असा आक्षेप होता. या बंदीने खप वाढेल, असा ट्वेन यांचा होरा होता. १९०५ मध्ये ब्रुकलिनच्या ग्रंथालयानेही ‘टॉम सॉयर’ आणि ‘हक फिन’ मुलांच्या विभागातून हटवले.

मुंबईत त्यांना काय आठवले?

१८९४ मध्ये ट्वेन यांची प्रकाशन संस्था बुडाली. अक्षरजुळणीच्या एका यंत्रातही त्यांनी प्रचंड पैसा घालवला होता. दिवाळखोरीनंतर सर्व कर्ज पूर्ण फेडण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर नव्हते. तरीही सगळ्यांचे पैसे परत करायचे ठरवून, साठीला आलेले ट्वेन १८९५ मध्ये जगभर व्याख्याने द्यायला निघाले.

जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत पोहोचले आणि काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेलात उतरले. खोलीतील दाराचे काहीतरी काम होते. ते करणाऱ्या भारतीय नोकराच्या तोंडावर एका जर्मन माणसाने, काय चुकले हेही न सांगता, ठोसा लगावला. नोकराने तो निमूट सोसला. ट्वेन यांना थेट हॅनिबल आठवले. एरवी मवाळ असलेले आपले वडील घरातल्या गुलाम मुलाला लहानसहान चुकांसाठी असेच मारत. आपण १० वर्षांचे असताना एका माणसाने गुलामाला डोक्यात लोखंडी खनिजाचा गोळा घालून ठार केले होते, तेही आठवले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे.

याच दौऱ्याच्या काळातील टिपणांत त्यांनी ‘हक फिन’चे मर्म नोंदवले : निरोगी मन आणि समाजाने बिघडवलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि त्यात बुद्धी हरते. विवेकबुद्धीला लहानपणापासून जे शिकवावे ते ती खरे मानते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

ऑगस्ट १८९६ मध्ये, दौरा संपवून ट्वेन इंग्लंडमध्ये असताना, अमेरिकेत २४ वर्षांची लेक सूझी मेंदूज्वराने गेली. १८९८ पर्यंत त्यांनी सगळे कर्ज फेडले. पुढे फिलिपिन्समधील अमेरिकी युद्धावर आणि काँगोतील बेल्जियमच्या राजाच्या अत्याचारांवर त्यांनी उघड टीका केली. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

मग आज वाद कशाचा?

कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द २०० हून अधिक वेळा येतो. वर्गातील एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलाने तो मोठ्याने वाचला जाताना कसे बसायचे, हा पालकांचा प्रश्न आहे. १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने पुस्तक मान्यताप्राप्त यादीतून काढले. २०११ मध्ये त्या शब्दाच्या जागी ‘गुलाम’ असा शब्द घातलेली आवृत्ती निघाली. ट्वेन यांनी दाखवलेले वास्तव पुसले जात असल्याची टीका तिच्यावर झाली.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल आहे. जिमला सोडवण्याच्या कामात टॉम सॉयर येतो आणि साहसकथांच्या नादात त्याचे हाल वाढवतो. मिस वॉटसन यांनी मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केले आहे, हे टॉमला ठाऊक असते. ज्या स्वातंत्र्यासाठी हकने नरक पत्करला, त्याचा शेवटी पोरखेळ होतो. शिवाय मूळ अमेरिकी रहिवाशांबद्दलचे ट्वेन यांचे पूर्वग्रह पुष्कळ काळ टिकून होते.

आणि जिमला स्वतःला काय वाटत होते? २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट यांनी ‘जेम्स’ या कादंबरीत तीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली. तिला अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. हकने फाडलेल्या पत्राची जागा त्यामुळे कमी होत नाही. पण त्या पत्रात ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, तो माणूसही आता वाचकाशी बोलू लागला आहे.