लॉरी बेकर : उतारावर घर बांधणारा माणूस



आपल्या लातूर-नांदेडकडं दगडमातीचं घर म्हटलं की अजूनही छातीत धस्स होतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. तेव्हापासून आपण वर्गात सिमेंटचं घर पक्कं आणि मातीचं कच्चं, एवढं सांगून मोकळे होतो. म्हणूनच आज हे चरित्र. माणूस लांबचा आहे, पण आपल्या मुलांना सांगायलाच हवा.

लॉरी बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला झाला. शिकले आर्किटेक्ट म्हणून. महायुद्धाच्या काळात मात्र त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केली. घरी परतताना बोटीची वाट बघत मुंबईत थांबावं लागलं आणि तिथं गांधीजी भेटले. बेकरांच्या पायात टाकाऊ कापडाचे, स्वतः बनवलेले बूट होते. ते गांधीजींच्या नजरेत भरले. घराचं सामान घराच्या आसपास पाच मैलांतच मिळावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी पुढं कधी सोडला नाही. १९४५ मध्ये ते भारतात परत आले, ते कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यांच्या इमारतींसाठी.

१९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न झालं. दोघं हिमालयात पिठोरागढला गेले आणि तिथंच सोळा वर्षं राहिले. डॉक्टरीणबाई रोगी तपासायच्या, बेकर डोंगरउतारावर घर आणि दवाखाना उभारायचे. कॉलेजात शिकलेलं इथं फारसं उपयोगी पडेना. मग ते गावातल्या गवंड्यांकडं बघून शिकले : दगड कोणता घ्यायचा, तो कसा बसवायचा, ऊन आणि वारा कुठून येतो. शिकलेल्या माणसानं अडाण्याच्या हाताखाली शिकायचं, ही गोष्ट मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षा (१९९०) मोठी वाटते.

पुढं ते केरळात आले. तिरुवनंतपुरमला नालंचिरा भागात त्यांना जागा मिळाली ती खडकाळ, तीव्र उताराची, पाण्याची बोंब असलेली. आपण असतो तर आधी जेसीबी बोलावला असता! बेकरांनी टेकडी सपाट केली नाही. आधी एक छोटी लाकडी खोली उभी राहिली, मग गरज पडेल तशा खोल्या वाढत गेल्या, उताराबरोबर वर-खाली. मोडक्या इमारतींचं लाकूड, फुटकी कौलं, रंगीत बाटल्या, सगळं त्या घरात लागलं. पावसाचं पाणीही साठवलं. २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. या घराचं नाव 'द हॅम्लेट', म्हणजे छोटी वाडी.

त्यांची एक युक्ती मुलांना पाटीवर काढून दाखवा. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचायच्या. भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव हिश्श्यानं विटा वाचतात आणि घर थंड राहतं. (आपला भाग भूकंपाचा, म्हणून अशा भिंतीत लोखंडी सळया हव्यातच. इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका, बरं का.)

आता परत किल्लारीकडं येऊ. तिथं माणसं मेली ती केवळ दगडामुळं किंवा मातीमुळं नाही. भिंती दोन पदरी रचलेल्या, आत कच भरलेली आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते. वर माळवदावर वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीचा थर. जमीन हलली तशा भिंती फुगून फुटल्या आणि ते सगळं ओझं खाली आलं. चूक सामानापेक्षा बांधणीची होती. माहूरच्या किंवा बालाघाटच्या उतारावर कुणी घर बांधत असेल, तर हा फरक त्याला माहीत हवा. आपल्या आठवी-नववीच्या पोरांनाही.

बेकरांनी साध्या माणसांसाठी छोट्या पुस्तिका लिहिल्या, त्यांतली चित्रंही स्वतःच काढली. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, टेकडीवरच्या त्या घरातच त्यांचं निधन झालं.