मलिक अंबर आणि खडकीचे पाणी



मलिक अंबर हे नाव आपण शाळेच्या इतिहासात चार-दोन ओळींत वाचलेले असते. निजामशाहीचे हबशी वजीर, गनिमी काव्याने लढणारे सेनापती, जमीन महसुलाची घडी बसविणारे कारभारी, एवढे पाठ झाले की परीक्षेपुरते काम भागते. पण त्यांनी एका खडकाळ गावाला पिण्याचे पाणी कसे आणून दिले, ही हकीकत त्या चार ओळींत बसत नाही. आज तीच सांगावयाची आहे.

त्यांचा जन्म सुमारे 1548 मध्ये हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणचे नाव चापू. कोवळ्या वयातच हा मुलगा गुलामांच्या बाजारात विकला गेला आणि हातोहात फिरत बगदादला पोहोचला. तेथील मालक मीर कासिम याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, अंबर हे नाव दिले आणि लिहिणे, वाचणे व हिशेब शिकविले. पालकांनी येथे क्षणभर थांबावे. या मुलाजवळ घर नव्हते, आईबाप नव्हते, स्वतःचे नावसुद्धा उरले नव्हते. होती ती एवढीच शिदोरी, आणि पुढचे सारे आयुष्य तिच्यावर उभे राहिले.

नंतर दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यांना विकत घेतले. हा चंगीझखानही हबशीच होता व एके काळी गुलाम होता. त्याच्याजवळ राहून अंबर राज्यकारभार शिकले. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने त्यांना मुक्त केले. मग काही वर्षे विजापूरची चाकरी, आणि पुन्हा अहमदनगर. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. अंबर यांनी राजघराण्यातील मुर्तजा यास गादीवर बसविले आणि पुढची पंचवीस वर्षे ते राज्य मोगलांशी झुंजत जिवंत ठेवले. लढायांचा तपशील येथे देत नाही, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

1610 च्या सुमारास त्यांनी दौलताबादजवळील खडकी या गावी नवे शहर वसविण्यास घेतले. नावातच गावाचे वर्णन आहे. खाली काळा खडक, विहीर खोदणे जिकिरीचे, आणि जवळून वाहणारी खाम नदी लहानशी. सैन्याच्या दृष्टीने जागा उत्तम होती. हजारो माणसे व जनावरे राहावयाची तर पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न होता. नदीवरून मोट लावून किंवा पखालींनी पाणी भरून छावणीची तहान भागते, शहराची भागत नाही.

अंबर यांनी पाणी जमिनीखालून आणण्याचे ठरविले. उत्तरेस हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. पावसाळ्यात तेथे पडलेले पाणी मुरमातून व वाळूतून झिरपत खाली उतरते. हे झिरपलेले पाणी गोळा करून भूमिगत, बांधीव नहरीतून, हलका उतार देत शहरापर्यंत आणावयाचे, अशी ती योजना होती. दरबारातील एका वजीराने तिची थट्टा केली अशी आख्यायिका आहे. थट्टा झाली असो वा नसो, पंधरा महिन्यांत व अडीच लाख रुपये खर्चात नहर पूर्ण झाली, असे जुन्या नोंदींत आढळते. तिलाच नहर-ए-अंबरी म्हणतात.

मित्रहो, या कामातील अक्कल नीट समजून घ्या. रहाट नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी केवळ उताराने चालत येते. वरून झाकलेले असल्याने उन्हाने आटत नाही आणि त्यात पालापाचोळा, जनावरांची घाण पडत नाही. वाळू-मुरमातून झिरपताना ते आपोआप गाळले जाते. आज पाणी शुद्धीकरणाच्या केंद्रातसुद्धा वाळूचे थर असतातच. नहरीवर ठरावीक अंतराने उभे झरोके ठेवले होते, त्यांतून हवा खेळे आणि माणूस आत उतरून गाळ काढू शके. शहरात आल्यावर मातीच्या पक्क्या नळांनी ते पाणी हौदांत, मशिदींत व वस्त्यांत वाटले जाई.

ही विद्या अंबर यांना कोठून मिळाली? इराक-इराणकडे अशी भुयारी पाटपद्धती फार जुनी आहे, आणि अहमदनगर व विजापूर या दोन्ही राजधान्यांत खापरी नळांनी पाणी आणलेले होते. ही सर्व ठिकाणे त्यांनी पाहिलेली होती. जो गुलाम म्हणून हिंडला त्याने हिंडताना डोळे उघडे ठेवले होते, असेच म्हणावे लागते.

1616 मध्ये आणि पुन्हा 1621 मध्ये मोगल फौजांनी खडकी जाळली, लुटली. शहर दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले. 1624 मध्ये भातवडीच्या रणांगणावर तर अंबर यांनी तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलाची केली. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले होते.

1626 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचे निधन झाले. खुलताबादला त्यांची कबर आहे. जहांगीर बादशहाने हयातभर त्यांना शिव्याशाप दिले, पण मृत्यूनंतर मोगलांच्याच इतिहासकाराने त्यांच्या युद्धकौशल्याची व राज्यकारभाराची तारीफ केली. मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर म्हटले, 1653 मध्ये ते औरंगाबाद झाले, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे.

नावे बदलली तरी कित्येक पिढ्यांनी नहरींचेच पाणी प्यायले. पुढच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या. त्या निकामी झाल्या त्या दुष्काळाने नव्हे. झरोक्यांत केरकचरा पडला, ते बुजविले गेले, घरांचे पाये आणि रस्ते खोदताना नळ फुटले, गटारांचे पाणी आत मुरू लागले. ज्या झाकणाने पाणी शुद्ध ठेवले होते, ते काढून माणसांनी त्यात घाण सोडली. आता शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, विजेच्या पंपांनी चढावर ओढून. गेली कित्येक वर्षे अनेक वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी आले आहे आणि दारी टँकर उभा राहिला आहे. जुन्या नहरी सगळ्याच मेलेल्या नाहीत. काही ठिकाणी जमिनीखाली अजून पाणी वाहते, आणि अभ्यासक त्यांचे नकाशे करीत आले आहेत.

जाता जाता एक सांगतो. मुलांना पाणचक्की दाखवावयास नेले की तेथील पाणी मलिक अंबर यांनी आणले असे पुष्कळ पालक सांगतात. ते बरोबर नाही. पाणचक्कीची नहर त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासाठी झाली. पण तिचेही पाणी उत्तरेकडील डोंगरांतूनच, जमिनीखालून येते.