विश्लेषण : ओहमचा नियम सापडण्याआधी स्थिर ‘पॉवर सप्लाय’ का शोधावा लागला?

घरी पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. काहीही जोडलेले नसताना मल्टिमीटर 12 व्होल्ट दाखवतो. जास्त करंट ओढणारी मोटर जोडली की आकडा 10 वर घसरतो. चूक मोटरची की सप्लायची, हे कळत नाही. साधारण दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एक शाळामास्तर याच पेचात अडकले होते. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम. शाळेत आपण ज्यांचा नियम पाठ करतो, तेच हे ओहम.

कोण होते ओहम?

ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेचे फारसे शिक्षण नसतानाही ते स्वतः गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली. 1805 मध्ये ते विद्यापीठात दाखल झाले, पण नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच वेळ जाऊ लागला. संतापलेल्या वडिलांनी त्यांचे शिक्षण थांबवले आणि मुलाची रवानगी स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिक्षक म्हणून झाली. पुढे स्वतः अभ्यास करून त्यांनी 1811 मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्राध्यापकपद मात्र मिळाले नाही. शाळांतून शिकवत 1817 मध्ये ते कोलोनला पोहोचले. तिथल्या शाळेत प्रयोगशाळा चांगली होती आणि वडिलांकडून आलेली हातातली कारागिरी तिथे कामी आली.

1825 मध्ये काय बिघडले?

तारेची लांबी वाढवली की विजेचा प्रवाह किती कमी होतो, हा ओहम यांचा प्रश्न होता. प्रवाह मोजायला त्यांनी बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसुई वापरली. उगम म्हणून त्या काळची तांबे-जस्ताची बॅटरी होती. अडचण तिथेच होती. परिपथ जोडताच प्रवाह जोरात सुरू होई आणि लगेच घसरू लागे, कारण रासायनिक क्रियेतून धातूवर वायूचे बुडबुडे साचत. तार बदलली म्हणून सुई हलली की बॅटरी दमली म्हणून, हे वेगळे करता येईना. 1825 च्या पहिल्या निबंधात त्यांनी जे सूत्र मांडले, ते लॉगरिदमचे होते. ते टिकले नाही.

उपाय कोणता सापडला?

संशोधन नियतकालिकाचे संपादक योहान पोगेनडॉर्फ यांनी ओहम यांना बॅटरी सोडून थर्मोकपल वापरण्याचा सल्ला दिला. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांचे तापमान वेगळे ठेवले की परिपथात प्रवाह वाहतो, हे थॉमस सीबेक यांनी 1821 मध्ये पाहिले होते. ओहम यांनी बिस्मथचा तुकडा तांब्याच्या पट्ट्यांना जोडला. एक सांधा उकळत्या पाण्याने तापवला, दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे, तोवर दोन्ही तापमाने हलत नाहीत. म्हणजे उगमही हलत नाही. दाब अगदी थोडा, पण स्थिर.

1826 मध्ये त्यांनी सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. त्या काळच्या मापाने सर्वात आखूड 2 इंचांची, सर्वात लांब 130 इंचांची. आता आकडे जुळू लागले. उगमाच्या जोराला एकूण रोधाने भागले की प्रवाह मिळतो. या एकूण रोधात जोडलेली तार तर होतीच, शिवाय उगम आणि जोडण्यांचा रोधही होता. तो सुमारे 20 इंच तारेइतका निघाला. तापमानातील फरक कमी केल्यावर उगमाचा जोर घटला, पण हा आतला रोध तेवढाच राहिला.

घरच्या पॉवर सप्लायशी याचा संबंध काय?

सुरुवातीच्या उदाहरणातले उत्तर या आतल्या रोधातच आहे. सप्लायचा अंतर्गत रोध 0.2 ओहम असेल, तर 10 अँपिअर ओढताच 2 व्होल्ट आतच खर्च होतात. रेग्युलेटर ही घट सतत भरून काढतो. लिनियर सप्लायमध्ये त्यासाठी ट्रान्झिस्टर जास्तीचे व्होल्टेज स्वतःवर झेलतो. आत 18, बाहेर 12 व्होल्ट आणि करंट 10 अँपिअर असेल, तर 60 वॅट उष्णता होते. तोच सप्लाय 5 व्होल्टवर आणला, तर 130 वॅट. म्हणूनच मोठा हीटसिंक लागतो आणि ट्रान्झिस्टर एकापेक्षा जास्त जोडावे लागतात.

पण ते सारखा भार उचलत नाहीत. त्यासाठी प्रत्येकाच्या एमिटरला साधारण 0.1 ओहमचा रेझिस्टर लावतात. एकाने 6 आणि दुसऱ्याने 4 अँपिअर घेतले, तर पहिल्याच्या रेझिस्टरवर 0.6 आणि दुसऱ्याच्या रेझिस्टरवर 0.4 व्होल्ट पडतात. जास्त ओढणारा आपोआप आवरला जातो. (ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला 230 व्होल्ट असतात, त्यामुळे ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.)

ओहम यांना मान्यता कधी मिळाली?

लवकर नाही. रजा घेऊन, अर्ध्या पगारावर ते बर्लिनला गेले आणि 1827 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. जर्मनीत मात्र अनेकांना भौतिकशास्त्रातली ही गणिती मांडणी रुचली नाही, टीकाही झाली. 1828 मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये शिकवून काढली. 1833 मध्ये न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत स्थिर नोकरी मिळाली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले आणि त्यानंतर मायदेशातही दखल घेतली गेली. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पूर्ण प्राध्यापकपद मिळाले तेव्हा 1852 साल उजाडले होते. ओहम तेव्हा 63 वर्षांचे होते. दोन वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी त्यांचे निधन झाले.

1881 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ‘ओहम’ हे नाव मान्य झाले. एमिटरला लावलेल्या त्या छोट्या रेझिस्टरची किंमत आज त्यांच्याच नावाने मोजली जाते.