डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड

समलैंगिकता 'बरी' करण्याचा हव्यास वैद्यकाने सोडावा, असे आग्रहाने मांडणाऱ्या आरंभीच्या डॉक्टरांमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बाल्टिक समुद्रकाठच्या कोलबर्ग गावी (ते आता पोलंडमध्ये आहे) १४ मे १८६८ रोजी एका ज्यू डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे बर्लिनलगत त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. त्यांच्या एका रुग्णाने, लष्करातील तरुण अधिकाऱ्याने, ऐन विवाहाच्या तोंडावर आत्महत्या केली. ही घटना त्यांच्या जिव्हारी लागली. १८९६ मध्ये त्यांनी टोपणनावाने या विषयावर पुस्तिका काढली. १८९७ मध्ये समिती स्थापून, पुरुषांमधील समलिंगी संबंधांना शिक्षा देणारे कलम १७५ रद्द करण्याची मागणी लावून धरली.

त्या काळी संमोहनाचा बोलबाला होता. श्रेंक-नोत्झिंग या डॉक्टरांनी १८८९ मध्ये संमोहनाने समलिंगी पुरुषाला बरे केल्याचा दावा केला होता. हिर्शफेल्ड यांना तो मान्य नव्हता. ही प्रवृत्ती जन्मजात आहे, तेव्हा रुग्णाला बदलण्याऐवजी स्वतःच्या स्वभावासह निर्भयपणे जगायला शिकवावे, असा 'समायोजन उपचार' त्यांनी १९१४ च्या बृहद्ग्रंथात मांडला.

परंतु जन्मजात म्हटले की शरीरात कारण शोधणे आले, आणि कारण सापडले की ते कापून काढण्याचा मोहही आला! व्हिएन्नाचे श्टायनाख यांनी ग्रंथीरोपणाने समलिंगी पुरुष बदलता येतो, असे जाहीर केले. हिर्शफेल्डही या प्रयोगांनी भारावले आणि इच्छुक रुग्णांना त्यांनी या शस्त्रक्रियेची वाट दाखवली. समाजाच्या धाकाने दिलेली संमती खरोखर स्वेच्छेची म्हणायची का, हा प्रश्न त्यांच्यासारख्या कनवाळू डॉक्टरालाही वेळीच सुचला नाही, हे नमूद करावेच लागेल. शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या आणि हा मार्ग त्यांनी सोडला.

१९१९ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये लैंगिकशास्त्र संस्था उभारली. १९३१ च्या जगप्रवासात ते भारतातही येऊन गेले. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली. चार दिवसांनी तिच्या ग्रंथांची होळी झाली. परदेशात असलेले हिर्शफेल्ड मायदेशी परतू शकले नाहीत. १४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले.

१९४४ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टराने समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकाच्या कृत्रिम ग्रंथी बसवल्या. तिथे इच्छा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. कलम १७५ पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ उजाडले. अल्पवयीनांवरील अशा 'उपचारां'वर जर्मनीने २०२० मध्ये कायद्याने बंदी घातली.