कोलकात्याचे जीवरसायनशास्त्रज्ञ बिरेशचंद्र गुहा

भारतात आधुनिक जीवरसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये कोलकात्याचे डॉ. बिरेशचंद्र गुहा यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचा जन्म ८ जून १९०४ रोजी तत्कालीन पूर्व बंगालमधील मयमनसिंह येथे झाला. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असताना ब्रिटिशविरोधी आंदोलनात भाग घेतल्यावरून त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. पुढे ते आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे विद्यार्थी झाले.

इंग्लंडमध्ये त्यांनी लंडन येथे संशोधन केले व नंतर केंब्रिजमध्ये सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळविला. हॉपकिन्स यांनी १९२१ साली यीस्ट व प्राण्यांच्या ऊतींमधून ग्लुटाथायोन हे द्रव्य वेगळे केले होते. प्राणवायूवर जगणाऱ्या प्रत्येक पेशीत या प्राणवायूपासूनच हायड्रोजन पेरॉक्साईडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. अशा द्रव्यांचा मारा वाढला की यीस्टच्या पेशीतील याप-१ हे प्रथिन स्वतः ऑक्सिडीकृत होऊन केंद्रकात साठते आणि संरक्षक जनुके कार्यान्वित करते. ग्लुटाथायोन तयार करणारे जनुक त्यांपैकीच एक होय. अर्थात, ही यंत्रणा उलगडली ती गुहा यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी. मात्र तिचे मूळ द्रव्य ज्या प्रयोगशाळेत हाती लागले, तेथेच त्यांची जडणघडण झाली. आल्बर्ट सेंट-जोर्जी यांनी पुढे क जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेलेले द्रव्य वेगळे केले तेही हॉपकिन्स यांच्याकडेच.

१९३२ च्या सुमारास गुहा मायदेशी परतले व १९३६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात उपयोजित रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. राजाबझार येथील सायन्स कॉलेजात त्यांनी क जीवनसत्त्वाचा अभ्यास आरंभिला. हे जीवनसत्त्व स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचविते. कोबीत ते बद्ध स्वरूपातही आढळते, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले. या स्वरूपास अॅस्कॉर्बिजेन असे नाव मिळाले. कोबी चिरल्यावर, तिच्या पेशी फुटल्यानंतर ते तयार होते, हे मात्र पुढील संशोधकांना कळले.

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने त्यांच्या संशोधनाची दिशा बदलली. या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. कोलकात्याच्या रस्त्यांवर भुकेलेल्यांचे थवे येत असताना गुहा व त्यांचे सहकारी गवत व पाल्यातून माणसाला पचेल असे प्रथिन काढण्याच्या प्रयोगात गुंतले होते. पोषणशास्त्राच्या प्राध्यापकासमोर यापेक्षा कठोर परीक्षा क्वचितच उभी राहिली असेल. त्यानंतर १९४४ मध्ये ते केंद्र सरकारच्या अन्न विभागात तांत्रिक सल्लागार म्हणून रुजू झाले व १९४८ पासून काही वर्षे दामोदर खोरे महामंडळाचे सदस्य होते.

१९५३ साली ते विद्यापीठात परतले आणि जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. उंदीर व बकरी यांना क जीवनसत्त्व आहारातून घ्यावे लागत नाही. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना मात्र ते घ्यावेच लागते. असे का? शर्करेपासून प्राण्यांच्या ऊतीत हे जीवनसत्त्व कोणत्या टप्प्यांनी घडते, याचा माग त्यांच्या प्रयोगशाळेने घेतला. साखळीतील शेवटचा विकर, गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, आपल्या शरीरात नसतो. गंमत अशी की क जीवनसत्त्व घडविताना हाच विकर हायड्रोजन पेरॉक्साईडही निर्माण करतो.

गुहा यांच्या पत्नी फुलरेणू गुहा याही समाजकार्यातील मान्यवर होत्या. त्या राज्यसभेच्या सदस्य व केंद्रात राज्यमंत्री होत्या. २० मार्च १९६२ रोजी लखनौ येथे गुहा यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते. क जीवनसत्त्वाविषयीचे काम त्यांच्या शिष्यांनी कोलकात्यात पुढे चालू ठेवले. कलकत्ता विद्यापीठाच्या जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले आहे.