रेषांची बोली : जिव्या सोमा म्हसे

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या डोंगरांत मोखाडा तालुका आहे. या तालुक्यात खोडाळा नावाचे गाव आहे. खोडाळ्याच्या आसपास डोंगरउतारांवर लहान लहान वस्त्या दिसतात. या वस्त्यांना पाडे म्हणतात. पाड्यांवर वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी जमातींचे लोक राहतात. भात, नागली, वरई ही त्यांची पिके. उन्हाळ्यात जव्हार आणि मोखाडा भागात बोहाडा नावाचा उत्सव होतो. त्या वेळी लोक देवदेवतांचे मोठे मुखवटे घालून रात्री वाद्यांच्या तालावर नाचतात.

संग्रहालय म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मोठी इमारत, काचेची कपाटे आणि त्यांत मांडून ठेवलेल्या वस्तू येतात. आदिवासींची कला मात्र कपाटासाठी जन्माला आली नाही. मुखवटा नाचण्यासाठी असतो आणि चित्र घराच्या भिंतीसाठी. याच जिल्ह्यातील एका गरीब शेतमजुराने भिंतीवरचे हे चित्र कागदावर आणि कापडावर उतरवले. मग ते सातासमुद्रापार गेले. त्या शेतमजुराचे नाव जिव्या सोमा म्हसे.

जिव्याचा जन्म १९३४ साली तलासरी भागातील धामणगाव येथे एका वारली कुटुंबात झाला. त्या काळी हा सगळा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा वेगळा जिल्हा २०१४ साली झाला. वारली लोक कष्टाळू होते, पण जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या ताब्यात होत्या. अनेक वारल्यांना मजुरी न घेता जमीनदाराच्या शेतावर राबावे लागे. यालाच वेठ म्हणत. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वेठ करण्यास नकार दिला. तेव्हा जिव्या अकरा वर्षांचा होता.

पण जिव्यावर त्याआधीच एक आघात झाला होता. तो सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. या दुःखाने त्याचे बोलणेच बंद झाले. पुढे काही वर्षे तो कोणाशी बोलत नसे. काही सांगायचे असले, तर तो खाली बसून धुळीत चित्र काढी. ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्याची बोटे बोलू लागली. पुढे तो डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहायला आला. तेच त्याचे कायमचे गाव झाले.

वारली चित्रे काढण्याचे काम तेव्हा स्त्रिया करीत. घरात लग्न निघाले, की प्रथम भिंत शेण, माती आणि गेरूने सारवली जाई. गेरू म्हणजे तांबडी माती. मग तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग तयार करीत. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले, की झाला कुंचला! मग सवाशिणी, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रिया, भिंतीवर चौक काढीत. चौक म्हणजे नक्षीदार चौकोन. त्याच्या मध्यभागी पालघट देवीचे चित्र असे. चौकाशिवाय लग्न लागत नसे.

या चित्रांची अक्षरे फार थोडी. गोल, त्रिकोण आणि चौकोन. सूर्य आणि चंद्र यांच्यासाठी गोल. डोंगर आणि झाडांचे शेंडे यांच्यासाठी त्रिकोण. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, की माणसाचे शरीर झाले. त्याला बारीक हात-पाय आणि गोल डोके जोडले, की तो माणूस चालू लागतो, नाचू लागतो, भात लावू लागतो. लग्न झाल्यावर हे चित्र जपून ठेवत नसत. पुढच्या सारवणाखाली ते नाहीसे होई. ते काढणाऱ्या स्त्रियांची नावेही कोठे लिहून ठेवलेली नाहीत.

जिव्या सोमांनी ही कला याच स्त्रियांची चित्रे पाहून आत्मसात केली. मात्र ते लग्नाची वाट पाहत थांबले नाहीत. दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करावी आणि वेळ मिळेल तेव्हा चित्र काढावे, असा त्यांचा क्रम होता. पुरुषाने चित्र काढणे आणि तेही रोज काढणे, ही वारली समाजात नवी गोष्ट होती.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणू भागात आले. त्याआधी बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मिथिलेच्या खेड्यांत पाठवले होते. तेथील स्त्रिया घराच्या भिंतींवर सुंदर चित्रे काढीत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला. कागदावरची चित्रे विकली जाऊ लागली आणि दुष्काळात त्या घरांना आधार मिळाला. हीच मिथिलेची मधुबनी चित्रे. वारली पाड्यांवरही कुलकर्णी कागद घेऊन आले. जिव्या सोमांच्या हातातील रेष त्यांनी पाहिली आणि हा माणूस थोर कलावंत आहे, हे त्यांनी ओळखले.

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड या कलादालनात जिव्या सोमांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या रसिकांना या चित्रांत काय दिसले असेल? एका चित्रात मासे पकडण्याचे प्रचंड जाळे होते. हजारो बारीक रेषांनी विणलेले ते जाळे सगळा कागद व्यापून टाकी. दुसऱ्या चित्रात तारपा वाजवणारा होता. तारपा हे भोपळा आणि बांबूपासून केलेले वाद्य. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांना धरून नाचत आणि त्यांची रांग गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाई. मुंग्या, पाऊस, पेरणी, मळणी या सर्वांना त्यांच्या चित्रात जागा होती. कोणी राजा नव्हता की कोणी सेनापती नव्हता. मुंगीही तितक्याच काळजीने काढलेली असे.

योगायोग असा, की याच सुमारास दूर ऑस्ट्रेलियातही असेच घडत होते. तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षे वाळूवर, खडकांवर आणि अंगावर चित्रे काढीत आले होते. १९७१ साली पापुन्या या वस्तीतील शाळेत जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक होते. त्यांच्या प्रोत्साहनाने तेथील माणसांनी प्रथम शाळेच्या भिंतीवर आणि मग फळ्यांवर रंगांनी चित्रे काढली. पुढे ती चित्रे जगभर पोहोचली. १९८९ साली पॅरिसमध्ये एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात जगातील शंभरांहून अधिक कलावंतांची कामे होती. ऑस्ट्रेलियातील युएन्डुमू गावच्या मूळ रहिवाशांनी तेथे जमिनीवर मातीचे चित्र घडवले. त्याच प्रदर्शनात गंजाडच्या जिव्या सोमांची चित्रेही होती. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या या दोन समाजांची कला एकाच प्रदर्शनात मांडली गेली.

जपानमध्ये तोकामाची नावाचा भाग आहे. तेथे हिवाळ्यात फार बर्फ पडतो. मुले कमी झाल्यामुळे तेथील एक शाळा बंद पडली. त्या रिकाम्या शाळेत तोकियो हासेगावा या गृहस्थांनी १९८२ साली एक छोटे संग्रहालय सुरू केले. त्याचे नाव मिथिला संग्रहालय. मधुबनी, वारली आणि गोंड चित्रे तेथे जपून ठेवली आहेत. हासेगावा केवळ चित्रे आणून थांबले नाहीत. त्यांनी भारतातून चित्रकारांनाही बोलावले. जिव्या सोमाही तेथे गेले आणि त्यांनी चित्रे काढली. जेथे एके काळी जपानी मुले धडे गिरवीत, तेथे गंजाडचा शेतकरी भातशेती रंगवू लागला. बघणाऱ्यांना ती परकी वाटली नसेल, कारण भात तेथेही पिकतो.

कीर्ती वाढली, तरी जिव्या सोमांचे घर गंजाडलाच राहिले. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची शेतजमीन नव्हती. सरकारकडून जमीन मिळेल, असे आश्वासन त्यांना मिळाले होते. पण ती प्रत्यक्ष हाती यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. त्यांच्या चित्रांना परदेशांतील संग्रहालयांत जागा मिळाली होती, पण त्यांना स्वतःला भात लावण्यासाठी जमिनीचा तुकडा मिळत नव्हता. कलेचा गौरव करणे सोपे असते. कलावंताच्या पोटाची काळजी घेणे कठीण असते. हा धडा त्यांच्या आयुष्यातून मिळतो.

२००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन झाले. २००९ साली त्यांना नेदरलँड्समधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू यांनीही हीच कला पुढे नेली. डहाणूपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत अनेक तरुण आणि तरुणी आज वारली चित्रे काढून संसाराला हातभार लावतात.

वारली चित्रे आता कपबशांवर, साड्यांवर आणि भेटकार्डांवरही दिसतात. त्यांतील कितीतरी चित्रे वारल्यांनी काढलेली नसतात आणि त्यांचा पैसाही वारल्यांना मिळत नाही. म्हणून या कलेला कायद्याचे संरक्षण मिळावे, यासाठी जव्हारच्या आदिवासी युवा सेवा संघाने प्रयत्न केले. पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. अमुक वस्तू अमुक प्रदेशातील लोकांची आहे, असे हे मानांकन कायद्याने मान्य करते.

मुलांनो, मोठे संग्रहालय पाहायला दूरच्या शहरात जावे लागते. पण कधी खोडाळ्याच्या किंवा डहाणूच्या वाटेने जाण्याचा योग आला आणि एखाद्या सारवलेल्या भिंतीवर पांढरी चित्रे दिसली, तर घरच्यांची परवानगी घेऊन ती जरूर पाहा. आणि चित्र कोणी काढले, हेही विचारा. जुन्या सवाशिणींची नावे कोणी विचारली नाहीत, म्हणून ती हरवली. जिव्या सोमांचे नाव मात्र उरले आणि त्यांच्यामुळे सगळ्या वारल्यांच्या रेषेला जगात ओळख मिळाली. लहानपणी मुका झालेला हा मुलगा आयुष्यभर त्याच रेषेने बोलत राहिला.