डॉक्टर नको म्हणत होते, तरी या ननने हॉस्पिटल बांधलं. त्यातूनच पुढे मेयो क्लिनिक घडलं

आजार अवघड असला की मेयो क्लिनिकचं नाव हमखास निघतं. देशोदेशीचे पेशंट त्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर शहर गाठतात. मेयो हे नाव तिथल्या डॉक्टर बापलेकांचं. पण ज्या हॉस्पिटलमध्ये या बापलेकांनी नाव कमावलं, ते बांधायची कल्पना त्यांची नव्हतीच. ती होती शाळा चालवणाऱ्या एका कॅथलिक ननची, मदर अल्फ्रेड मोएस यांची.

मदर अल्फ्रेड यांचा जन्म १८२८ चा, युरोपातल्या लक्झेंबर्गमधला. १८५१ मध्ये त्या बहिणीसोबत अमेरिकेत आल्या आणि पुढे नन झाल्या. १८६५ मध्ये त्यांनी इलिनॉय राज्यातल्या जोलिएट इथे फ्रान्सिस्कन सिस्टर्सचा संघ स्थापन केला. स्वभाव ठाम, हातात घेतलेलं काम सोडायचं नाही. त्यामुळे वरिष्ठांशी खटके उडायचे. अखेर शिकागोच्या बिशपशी मतभेद झाले आणि जोलिएटचं प्रमुखपद गेलं. पण त्या थांबल्या नाहीत. १८७७ मध्ये त्यांनी रॉचेस्टरमध्ये शाळा काढली आणि सोबत राहिलेल्या सिस्टर्सना घेऊन नवा संघ उभा केला.

मग आला २१ ऑगस्ट १८८३ चा दिवस. संध्याकाळी रॉचेस्टरवर टॉर्नेडो आदळला. तीसहून जास्त माणसं गेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली. गावात एकही हॉस्पिटल नव्हतं. जखमींना नाचगाण्याच्या एका हॉलमध्ये ठेवावं लागलं. उपचारांची सूत्रं डॉ. विल्यम वॉरल मेयो यांच्याकडे होती. शुश्रूषेला माणसं कमी पडली, तेव्हा मदर अल्फ्रेड यांच्या सिस्टर्स मदतीला आल्या. त्या नर्स नव्हत्या, शिक्षिका होत्या.

हे संकट ओसरलं आणि मदर अल्फ्रेड यांनी डॉ. मेयोंपुढे हॉस्पिटलचा विषय काढला. डॉक्टरांना तो पटला नाही. गाव लहान, खर्च अफाट. शिवाय त्या काळी हॉस्पिटल म्हणजे मरायला जायची जागा, असाच लोकांचा समज होता. पण मदर अल्फ्रेड यांचा प्रस्ताव सरळ होता. पैसे सिस्टर्स उभे करतील, डॉक्टरांनी फक्त काम सांभाळायचं. खर्चाचा अंदाज ४० हजार डॉलरचा होता. डॉक्टर अखेर तयार झाले.

पुढची काही वर्षं सिस्टर्सनी पै-पै जोडली. शाळेत शिकवून, संगीताच्या शिकवण्या घेऊन, भरतकाम करून पैसा साठवला. गावाबाहेर जमीन घेतली. कॅथलिक नन आणि कॅथलिक नसलेले डॉक्टर, ही जोडी अनेकांना खटकत होती. दोघांनी मात्र सुरुवातीलाच ठरवलं होतं की दाराशी आलेल्या रुग्णाचा धर्म, वर्ण किंवा खिसा पाहायचा नाही.

३० सप्टेंबर १८८९ रोजी सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये पहिलं ऑपरेशन झालं. डोळ्यातली गाठ काढायची होती. मेयोंचा धाकटा मुलगा चार्ल्स शस्त्रक्रिया करत होता, थोरला विल्यम मदतीला होता आणि सत्तरीतले वडील भूल देत होते. खाटा होत्या फक्त २७. सिस्टर्सना नर्सिंग शिकवलं एडिथ ग्रॅहम या प्रशिक्षित नर्सने.

पुढच्याच वर्षी मदर अल्फ्रेड यांच्याकडून संघाचं प्रमुखपद गेलं. पुन्हा एकदा, स्वतः उभारलेल्या कामाची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली. १८९९ मध्ये त्यांचं निधन झालं. नंतर हॉस्पिटलची ख्याती किती वाढली, हे बघायला त्या नव्हत्या.

१८९२ पासून सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी यांनी हॉस्पिटल सांभाळलं, ते १९३९ पर्यंत. रॉचेस्टर वाढत गेलं, तसे वॉर्डही वाढत गेले. १९८६ मध्ये सेंट मेरीज मेयो क्लिनिकमध्ये विलीन झालं. ही संस्था आजही ना-नफा तत्त्वावर चालते.

इमारतीवर नाव मेयोंचं आहे. पण डॉक्टर हॉस्पिटलला नको म्हणत होते तेव्हा पैसे जोडायला बसल्या होत्या त्या मदर अल्फ्रेड आणि त्यांच्या शिक्षिका सिस्टर्स.